तास छापा!

सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी अंगठा लागला की लेट मार्क. असे तीन लेट मार्क झाले की महिनाअखेरीस अर्ध्या दिवसाचा पगार कापला. तोच माणूस संध्याकाळी सहाला सुटायचा तो पावणेआठला सुटतो. त्या पावणेदोन तासांची नोंदही त्याच यंत्रात असते, पण पगाराच्या हिशेबात ती कुठेच येत नाही. यंत्र तेच, अंगठा तोच, कंपनी तीच. सकाळची सहा मिनिटे मोजायची आणि संध्याकाळची एकशे पाच सोडून द्यायची, याला शिस्त म्हणत नाहीत. ही चोरी आहे आणि ती रोज होते.

ठरलेली वेळ संपल्यावर मालक बिनपगारी काम सांगू शकतो का? नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने झाला, तेव्हा त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. त्यापुढच्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी. कारखान्यांना हाच नियम १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून आहे. यात कुठेही ‘मालकाची इच्छा असेल तर’ असे शब्द नाहीत. जादा तासाचा पैसा हा कामगाराचा हक्क आहे. तो दिला नाही तर ते थकलेले देणे आहे.

लेट मार्कचा हिशेब

आधी सकाळचे बघू. जितका वेळ गैरहजर, तितकीच कपात. त्याहून जास्त नाही, हे १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात लिहिलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते कायम आहे. जुन्या कायद्याला पगाराची कमाल मर्यादा होती, संहितेत ती राहिली नाही. म्हणजे सहा-सहा मिनिटांचे तीन उशीर झाले तर कापता येतात अठरा मिनिटे. चार तास कापणारा एचआर विभाग कायदा मोडतो आहे. नियमपुस्तिकेत छापले म्हणून ते कायदेशीर होत नाही. तुमच्या सहीने हक्क सोडून द्यायला लावणारा करारही संहितेने रद्दबातल ठरवला आहे. ‘सर्व जादा तास पगारात समाविष्ट’ असे नेमणूकपत्रात लिहिले असेल, तर त्या ओळीने दुप्पट दराचा हक्क बुडत नाही.

सत्तर आणि नव्वद

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे बोलणे गाजले. देशभर वाद झाला तो तासांचा. आपण दर काढू.

७० तासांतले ४८ वजा केले की २२ उरतात. दुप्पट दराने ते ४४. म्हणजे ७० तास राबणाऱ्याला ९२ तासांचा पगार द्यावा लागतो. ९० तास राबणाऱ्याचे जादा तास ४२, दुप्पट दराने ८४. त्याला १३२ तासांचा पगार. शिवाय २०१७ च्या कायद्यात तीन महिन्यांत १२५ तासांहून जास्त ओव्हरटाइम घ्यायला मनाई होती. आठवड्याला २२ जादा तास धरले तरी तेरा आठवड्यांत ते २८६ होतात. कायदा ज्यांना लागू आहे अशा माणसांकडून पैसे देऊनही इतके काम घेता येत नाही. फुकट घेण्याचा तर प्रश्नच नाही.

राष्ट्र उभारायचे असेल तर राष्ट्राने केलेले कायदे आधी पाळा.

दुप्पट कशासाठी?

दुप्पट दर कामगाराला श्रीमंत करण्यासाठी ठेवलेला नाही. मालकाला दुसरा माणूस नेमणे स्वस्त पडावे, म्हणून तो आहे. जादा तास महाग असेल तरच पाळीवर आणखी एक जण येतो, घरी बसलेल्या एका मुलाला नोकरी लागते आणि आधीचा माणूस वेळेवर घरी जातो. जादा तास फुकट झाला की ही सगळी साखळी तुटते. एका माणसाकडून दीड माणसाचे काम निघते आणि बाहेर अर्ज घेऊन उभा असलेला उभाच राहतो. बेकारी आणि बिनपगारी ओव्हरटाइम एकाच छताखाली नांदतात ते यामुळे.

सोसायटीच्या गेटवरचा गार्ड घ्या. बारा तासांची ड्युटी, आठवड्याला सहा दिवस, एकूण ७२ तास. ४८ च्या हिशेबाने जादा तास २४, दुप्पट दराने ४८. म्हणजे त्याचे देणे झाले ९६ तासांचे. हातात पगार पडतो ४८ तासांचा. बरोबर निम्मा. रिलीव्हर आला नाही तर तोच पुढचे बारा तास उभा राहतो. एजन्सी सोसायटीकडे बोट दाखवते, सोसायटी एजन्सीकडे. स्वस्त कोटेशन मंजूर करणाऱ्या सोसायटीच्या सभेत आपण सगळेच बसलेलो असतो. तिथे हात वर करण्यापूर्वी विचारा, एका जागेसाठी गार्ड किती, दोन की तीन? उत्तर दोन आले तर उरलेल्या आठ तासांचे पैसे कोण खाते आहे, तेही विचारा.

लोखंडे आणि आंबेडकर

वेळेची हद्द आपल्याला कोणी भेट दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या त्या अर्जातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामाला सुरुवात आणि शेवट असावा, एवढेच ते मागत होते. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले.

दुसरा धागा गावातला. वतनी महाराला सरकारी कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही बोलावले जाई. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावे लागे. तासांना मर्यादा नव्हती, मोबदला बलुत्याचा आणि तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली ती हे थांबवण्यासाठी. जातीच्या बळावर लादलेली ती सक्ती आणि आजच्या कार्यालयातली सक्ती सारखी नाही. तशी तुलना करणे त्या माणसांवर अन्याय होईल. पण ज्या कामाला वेळेची हद्द नाही आणि ठरलेला मोबदला नाही, ते काम माणसाला गुलाम करते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते त्यांच्याकडे आले. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. आज तुम्ही-आम्ही ज्या ४८ तासांवर बोट ठेवतो, ते तिथून आलेले आहेत. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली तीही याच अनुभवातून.

गुजरातची अधिसूचना

एप्रिल २०२०, टाळेबंदी. गुजरात सरकारने अधिसूचना काढली: कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, साधाच दर. कारण काय, तर महामारी ही सार्वजनिक आणीबाणी आहे. गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातल्या जादा तासांची मजुरी नियमाप्रमाणे द्यायला लावली. महामारी कायद्यातल्या व्याख्येची आणीबाणी ठरत नाही आणि तिच्या नावाखाली कामगाराचा हक्क काढून घेता येत नाही, असा तो निकाल आहे.

जगभराच्या महामारीत जे सरकारला जमले नाही, ते तिमाहीचे टार्गेट पुढे करून एखाद्या व्यवस्थापकाला कसे जमते?

एकशे दोन डॉलर

‘पाच-दहा मिनिटांचे काय मोजायचे?’ हा युक्तिवाद कॅलिफोर्नियातही झाला. स्टारबक्सच्या एका दुकानात पाळीप्रमुख रात्री आपली वेळ संपल्याची नोंद करून मगच उरलेली कामे करी. दिवसाच्या विक्रीचे आकडे मुख्यालयाला पाठवायचे, अलार्म लावायचा, कुलूप घालायचे, सहकाऱ्यांना त्यांच्या गाडीपर्यंत सोडायचे. रोजची चार ते दहा मिनिटे. सतरा महिन्यांत ती १२ तास ५० मिनिटे झाली. तेव्हाच्या किमान वेतनाने १०२ डॉलर ६७ सेंट. २६ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही रक्कम क्षुल्लक नाही. एवढ्या पैशांत विजेचे बिल भरता येते, आठवड्याचा किराणा येतो, महिनाभराचे बसभाडे निघते. रोज होणारे काम थोडे असले तरी त्याचा पैसा द्यावाच लागेल.

त्याच देशात २०१४ साली उलटेही झाले. ॲमेझॉनच्या गोदामातून बाहेर पडताना झडतीच्या रांगेत पंचवीस-पंचवीस मिनिटे जातात, असे कामगारांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळेची मजुरी नाकारली. झडती मालकाला हवी, रांग मालकाने लावली, माल मालकाचा आणि वेळ मात्र कामगाराचा. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. आपल्या मॉलमधल्या, सराफी पेढ्यांतल्या मुलींची बॅग शटर ओढल्यावर तपासली जाते. गल्ला मोजून होईपर्यंत त्यांना थांबावे लागते. गल्ला जुळला नाही तर शेवटची बसही जाते. हा सगळा वेळ ड्युटीचाच आहे. मालकाच्या हुकुमाने ज्या मिनिटाला आपण घरी जाऊ शकत नाही, ते मिनिट कामाचेच.

हुद्दा मोठा, तास मोकाट

व्यवस्थापकीय पदांना तासांच्या मर्यादेतून सूट आहे. म्हणून कंपन्या हुद्दे वाटतात. बिले फाडणारा ‘असिस्टंट मॅनेजर’, फोन घेणारी ‘एक्झिक्युटिव्ह’, दोन पोरांना काम शिकवणारा ‘टीम लीड’. कार्ड छापले की ओव्हरटाइम संपला, असा त्यांचा समज आहे. १९८५ सालीच मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की माणसाचे मुख्य काम काय ते बघा, पदाच्या नावावरून ठरवू नका. तुम्हाला माणूस नेमता येतो का, रजा मंजूर करता येते का, निर्णय घेता येतो का? काहीच येत नसेल तर तुम्ही कार्डावर कोणीही असा, काम कर्मचाऱ्याचेच करता. २०१७ च्या राज्य कायद्याच्या व्याख्येत कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारेही येतात. संगणकासमोर बसणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळून घेऊ नये.

जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या सल्लागार कंपनीतली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट गेली. नोकरी लागून चारच महिने झाले होते. कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्राने कळवले. कंपनीने ते मान्य केले नाही. त्यानंतर कामगार विभागाची माणसे तपासणीला गेली, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे समोर आले. सतरा वर्षे. जे कार्यालय सरकारच्या वहीत नाही, तिथले तास कोण तपासणार होते? या प्रश्नाचे उत्तर कंपनीइतकेच कामगार विभागाने द्यायचे आहे.

‘आपण सगळे कुटुंब’

हे वाक्य बहुतेक वेळा शनिवारी संध्याकाळी ऐकू येते. रविवारच्या मीटिंगसाठी, स्टॉक मोजणीसाठी, ‘फक्त अर्धा तास’ अशा कॉलसाठी. कुटुंबात घेणे असते तसे देणेही असते. नफा झाला की तो भागधारकांचा आणि काम तुंबले की ते कुटुंबाचे, हा न्याय नव्हे. अडीअडचणीला थांबायला कामगार तयार असतो. गिरणीपासून रुग्णालयापर्यंत तो नेहमीच थांबत आला आहे. कायद्यानेही अडचणीत थांबायला मनाई केलेली नाही, फक्त त्या थांबण्याची किंमत ठरवली आहे. ती किंमत द्या आणि हक्काने थांबवा.

शिफ्ट संपल्यावर परिचारिका हँडओव्हर देते, शिक्षिका घरी पेपर तपासते आणि ग्रुपवर पालकांना उत्तरे देते. आशा सेविका मध्यरात्री बाळंतिणीबरोबर रुग्णालयात जाते. सरकार तिला स्वयंसेविका म्हणते, मानधन देते आणि तिचे तास मोजतच नाही. इतरांना कायदा शिकवणाऱ्या सरकारने हे आधी स्वतःच्या दारात दुरुस्त करावे.

रात्री दहाला येणाऱ्या मेसेजचेही तेच. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. ऑस्ट्रेलियात तो २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेले नाही. म्हणून हे काम सरकारनेच अंगावर घ्यायला हवे.

राज्याची उलटी चाल

राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी वेगळाच निर्णय घेतला. दुकाने-आस्थापनांत दिवसाचे तास नऊवरून दहा, कारखान्यांत नऊवरून बारा. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा १४४ तास. दुकाने कायद्याच्या तरतुदी आता दहाऐवजी वीस कामगार असलेल्या आस्थापनांपासून लागू. कामगाराची लेखी संमती घेऊ, ओव्हरटाइम दुप्पटच राहील, असे सरकार सांगते. ज्याची नोकरी मालकाच्या हातात आहे, त्याची लेखी संमती मिळवायला पाच मिनिटे लागतात. आणि दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानातल्या पोराने कोणाकडे जायचे? मर्यादा वाढवताना मोजणीची एकही नवी सोय केली नाही, ही या निर्णयातली सर्वात मोठी चूक आहे. न मोजलेल्या तासाची दुप्पट शून्यच येते.

मागणी

म्हणून मागणी एकच. पगारपावती देणे वेतन संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. त्या पावतीवर महिन्याचे एकूण तास, जादा तास आणि जादा तासांची रक्कम छापा. अंगठ्याच्या यंत्रात हे सगळे आधीच आहे. सकाळचा लेट मार्क त्यातूनच निघतो. नवा खर्च नाही, नवे खाते नाही, नवा निरीक्षक नाही. कामगारमंत्र्यांनी राज्याच्या नियमांत हा एक रकाना सक्तीचा करावा.

तोवर तुम्ही थांबू नका. रोज आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. थांबायला सांगणारे मेसेज पुसू नका, रविवारच्या कॉलची वेळ टिपून ठेवा. वेतन संहितेप्रमाणे थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो एकट्याने करता येतो, तसा संघटनेमार्फतही करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, आणि थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर दहा जण मिळून जा. लोखंड्यांचा अर्जही एकट्याच्या सहीने गेला नव्हता. आपल्या तासांचा हिशेब मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. जादा तास तुमचा आहे आणि कायद्याने त्याचा दर दुप्पट आहे.